कॅनडात घराच्या बेसमेंटमध्ये १९९०-९१ ची हॉकी कार्डं सापडली, विकली तर किती येतील?

तुम्ही लिहिलंय की ब्रॅम्प्टनला घर घेतलं, आधीचे मालक "तुम्हीच ठेवा" म्हणून हॉकी कार्डांची (बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंचे फोटो असलेली, लोक जमवतात ती कार्डं) दोन खोकी सोडून गेले, आणि ईबेवर त्यातल्या एकेका कार्डाला शेकडो डॉलर दिसताहेत. ते शेकडो आधी विसरा. तिथे कुणीही कितीही किंमत लावून बसू शकतो, फिल्टरमध्ये 'सोल्ड आयटम्स' वर टिक करा, मग दिसतील ते आकडे खरे, म्हणजे कुणीतरी खिशातून काढून दिलेले. बघा, एकदम डॉलर-दोन डॉलरवर येतील.

कारण १९९०-९१ च्या सीझनला अपर डेक, स्कोअर, प्रो सेट या कार्ड छापणाऱ्या कंपन्या सगळ्या एकदम हॉकीत उतरल्या, टॉप्स आणि ओ-पी-ची होत्याच, सगळ्यांनी बदाबदा छापलं आणि लोकांनी पुढे भाव येईल म्हणून जपूनही ठेवलं, त्यामुळे आज घरोघरी तोच माल पडलाय. यारोमीर यागर या नावाजलेल्या खेळाडूची रूकी (म्हणजे सुरुवातीची, पहिली) कार्डं त्याच वर्षीची, पण तीही भरपूर मिळतात. ग्रेडिंगला (कार्डाची अवस्था तपासून दर्जाचा आकडा देणाऱ्या कंपनीकडे) पाठवायच्या भानगडीत पडू नका, बहुतेक वेळा फी कार्डापेक्षा जास्त.

तरीही खोकी तळापर्यंत उपसा. निळ्या बॉर्डरचं, हॉकीतला दिग्गज वेन ग्रेट्झकी याचं १९७९-८० चं रूकी कार्ड निघालं तर गोष्ट वेगळी. मागे फ्रेंच मजकूर असेल तर ते कॅनडातल्या ओ-पी-चीचं, नुसतं इंग्रजी असेल तर अमेरिकेतल्या टॉप्सचं, ओ-पी-चीला भाव जास्त. ओ-पी-चीची कार्डं तारेने कापायचे म्हणून कडा खरखरीत असतात, अगदी गुळगुळीत सरळ कड दिसली तर कुणी नंतर छाटलंय का अशी शंका घ्यायची. पीएसए १० ग्रेडचं (पीएसए ही ग्रेडिंग कंपनी, १० हा तिचा सगळ्यात वरचा दर्जा) असं एक ओ-पी-ची कार्ड २०२१ मध्ये साडेसदतीस लाख अमेरिकन डॉलरला गेलं, पण कोपरे मऊ झालेलं, निळा रंग उडालेलं तेच कार्ड शेकड्यांत किंवा थोड्याफार हजारांत येतं. आणि नकली प्रचंड! भिंग घेऊन काळी अक्षरं बघा, भरीव हवीत, अक्षरांतच ठिपके दिसले तर स्कॅन करून छापलेलं आहे.

पाकिटं सीलबंद असतील तर वर्ष बघितल्याशिवाय फोडू नका. सस्कॅचवानमधल्या रेजायनात एका घरात १९७९-८० चे ओ-पी-चीचे १६ न उघडलेले बॉक्स निघाले, २०२४ मध्ये लिलावात ३७ लाख डॉलरच्या वर गेले (तेव्हापासून सगळे बेसमेंट उपसत सुटलेत).

विकायचं म्हणाल तर १९९०-९१ चा सगळा ढीग एकगठ्ठा किजिजी या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर टाका, एकेक विकत बसलात तर पोस्टाचा खर्चही निघणार नाही. दुकानदार बाजारभावाच्या निम्मे सांगेल, त्यात फसवणूक नाही, त्यालाही पुढे विकायचंय. महागाचं काही निघालं तर मात्र दोन-तीन डीलरना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका, टोरंटोच्या स्पोर्ट कार्ड एक्स्पोत ते एकाच छपराखाली भेटतात.

१९८० च्या आधीचं काही सापडलं तर पुढचा-मागचा दोन्ही फोटो टाका, बघून सांगतो. तोवर कपड्याने पुसू नका आणि रबरबँड तर अजिबात लावू नका.