मटमध्ये पीडीएफ उघडताच नाहीशी का होते?

प्रश्न : मी मुद्रितशोधनाचे काम करतो. अप्पा बळवंत चौकातील प्रकाशकांकडून प्रुफे पीडीएफच्या रूपात ई-मेलने येतात. मी लिनक्सच्या टर्मिनलमध्ये मट हा ई-मेल वाचण्याचा प्रोग्राम वापरतो. अटॅचमेंट उघडली की पीडीएफची खिडकी येते, पण आत ‘फाइल सापडत नाही’ एवढेच दिसते. तीच फाइल आधी सेव्ह केली तर व्यवस्थित उघडते. मेलकॅप या मांडणीच्या फाइलमध्ये पीडीएफसमोर मी एक्सडीजी-ओपन ही, फाइल तिच्या नेहमीच्या प्रोग्रामकडे धाडणारी आज्ञा लिहिली आहे. शिवाय मराठी नावाच्या फाइलचे नाव अगम्य दिसते. उपाय सुचवावा.
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपली पीडीएफ शाबूत आहे आणि मटही बिघडलेला नाही. साधा मजकूर सोडला तर अटॅचमेंट दाखवण्याचे काम मट स्वतः करत नाही. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामकडे द्यायची, हे तो घरच्या डिरेक्टरीतील मेलकॅप या फाइलमध्ये पाहतो. ही पद्धत १९९३ मधील आरएफसी १५२४ या दस्तऐवजात नोंदवलेली आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती नोंदवणारे क्रमांकित दस्तऐवज). आपण ‘व्ही’ दाबून यादीतील पीडीएफवर एंटर दिले, की मट तिची तात्पुरती प्रत करतो, नेमलेली आज्ञा चालवतो आणि ती आज्ञा संपताच प्रत पुसून टाकतो. एक्सडीजी-ओपन बहुधा पीडीएफ-वाचकाला हाक मारून लगेच परततो. त्यामुळे काम झाले असे समजून मट प्रत पुसतो, आणि वाचक प्रोग्राम सावकाश उठून पाहतो तोवर फाइल गेलेली असते.

यावर सरळ उपाय असा, की मेलकॅपमध्ये झथुरासारख्या पीडीएफ-वाचक प्रोग्रामचेच नाव लिहावे आणि ओळीच्या शेवटी, आज्ञा पार्श्वभूमीला धाडणारे अँपरसँडचे चिन्ह देऊ नये. मात्र मग खिडकी बंद करेपर्यंत मट अडून राहतो, आणि एका बाजूला प्रूफ व दुसऱ्या बाजूला उत्तराचा मसुदा अशी आपली कामाची रीत असेल, तर हे जाचक होईल. तसे असल्यास चार ओळींची शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची छोटी फाइल) लिहून, आलेली फाइल आधी ‘प्रुफे’ नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करावी, त्या प्रतीवर एक्सडीजी-ओपन चालवावा आणि मेलकॅपमध्ये त्या स्क्रिप्टचा पत्ता द्यावा. मटने मूळ प्रत पुसली तरी मग बिघडत नाही. मला हाच मार्ग पसंत आहे, कारण प्रूफ हाताशी राहते. तो फोल्डर अधूनमधून झाडण्याचे काम तेवढे आपल्याकडे येते.

पीडीएफ टर्मिनलमध्येच वाचण्यासाठी पीडीएफमधला नुसता मजकूर काढणाऱ्या पीडीएफटूटेक्स्टची नोंद ‘कोपियसआउटपुट’ (म्हणजे निघालेला मजकूर मटमध्येच दाखवावा) या शब्दासह करता येते, पण मराठी प्रुफांसाठी तिच्यावर विसंबू नये. पुण्यातील पुष्कळशी अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत झालेली असते. कागदावर सुरेख दिसणाऱ्या त्या ओळी मजकूर म्हणून काढल्या की रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता हाती येतो. युनिकोड फॉन्ट असला तरी वेलांट्या आणि जोडाक्षरे जागा सोडतात, आणि मुद्रितशोधकाला तर नेमकी तीच तपासायची असतात.

आता नावाविषयी. अटॅचमेंटचे नाव रोमनेतर लिपीत कसे लिहावे, याचा नियम आरएफसी २२३१ मध्ये आहे. परंतु काही मेल प्रोग्राम त्याऐवजी विषयाच्या ओळीसाठी असलेली आरएफसी २०४७ ची पद्धत नावालाही लावतात. मटच्या जुन्या आवृत्त्या असे नियमबाह्य नाव आपणहून उलगडत नाहीत, म्हणून ‘बरोबर’ आणि ‘प्रश्न’ या चिन्हांनी सुरू होणारी अक्षरमाळ तशीच दिसते. मटआरसी या मटच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘सेट आरएफसी२०४७_पॅरामीटर्स’ ही ओळ, अर्थातच रोमन लिपीत, घालावी आणि मट पुन्हा सुरू करावा. त्यानंतरही नावाच्या जागी प्रश्नचिन्हेच दिसली, तर टर्मिनलचे लोकेल (भाषा व अक्षरांची मांडणी) यूटीएफ-८ आहे ना, ते तपासावे.