गोव्यात वेर्ण्याच्या प्लांटमधल्या 40 कंट्रोल व्हॉल्व्हना इन्स्ट्रुमेंट एअरसाठी (व्हॉल्व्ह चालवणारी कोरडी, दाबाची हवा) कॉम्प्रेसर केवढा घ्यायचा?

वेर्ण्याला प्लांट म्हणताय आणि 40 व्हॉल्व्ह पोझिशनरवाले (पोझिशनर म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडायचा ते सांभाळणारं उपकरण), तर अंदाजाला दर व्हॉल्व्हमागे 1 सीएफएम (मिनिटाला एक घनफूट हवा) धरा, म्हणजे 40. डेटाशीटवरचा आकडा हातात असेल तर तोच वापरा, तो बहुतेक कमीच निघतो. ऑन-ऑफ व्हॉल्व्ह असतील तर त्यांचा हिशोब वेगळा, सिलिंडरचा व्हॉल्यूम गुणिले अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर गुणिले मिनिटाला किती वेळा चालतो ते.

लीकेजला 10 टक्के, पुढच्या वाढीला 20 टक्के, झाले साधारण 53. आता लोक हमखास विसरतात ती गोष्ट, हीटलेस ड्रायर (हीटरशिवाय हवा कोरडी करणारा) स्वतःच पर्जमध्ये, म्हणजे आतला ओलावा बाहेर काढायला, 15 टक्क्यांच्या आसपास हवा खातो, म्हणून 53 भागिले 0.85, म्हणजे 62-63 सीएफएम, आणि हे एफएडी हां (कॉम्प्रेसर प्रत्यक्षात देतो ती हवा, बाहेरच्या दाबाला मोजलेली), पिस्टन डिस्प्लेसमेंट (पिस्टनच्या मापावरून काढलेला कागदी आकडा) नव्हे! शिवाय तेवढाच दुसरा स्टँडबाय.

रिसीव्हर (हवा साठवायची टाकी): 53 सीएफएम म्हणजे मिनिटाला 1.5 घनमीटर, लाईट गेल्यावर 10 मिनिटं हवा पुरायला पाहिजे आणि प्रेशर 7 वरून 4 बारपर्यंत चालणार असेल तर 1.5 × 10 ÷ 3, म्हणजे 5 घनमीटर.

आणि आपल्याकडे पावसात हवा इतकी दमट की टाकीत पाणी साठतंच, ऑटो ड्रेनवर (साठलेलं पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह) कंजुषी अजिबात करू नका, पोझिशनरच्या बारीक नोझलमध्ये पाणी गेलं की तो गेलाच.