अँटिबायोटिकने जंतू मेले, मग आईच्या तोंडात बुरशी का वाढली?

तुम्ही लिहिलंय की आईला न्यूमोनियासाठी सात दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली, ताप उतरला, आणि आता जिभेवर, गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर आलाय. जंतू मारायचं औषध दिल्यावर दुसरे जंतू वाढले कसे, हा तुमचा प्रश्न. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. असे नमुने माझ्या काचपट्टीवर नेहमी येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

ही बुरशी, कॅन्डिडा, बहुधा बाहेरून आलेली नाही. धडधाकट माणसांपैकी कितीतरी जणांच्या तोंडात आणि आतड्यात ती थोडीथोडी असतेच. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, बुरशीवर नाही, कारण बुरशीच्या पेशीची घडणच वेगळी. म्हणजे औषधाने तिचे शेजारी गेले, ती राहिली. पऱ्हाटी दाटली की खाली तणाला ऊन मिळत नाही, पऱ्हाटी उपटली की तण माजतं, हे कास्तकाराला सांगायला नको.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी फारसं कोणी सांगत नाही.

आपल्याकडे हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांसाठी लोक जागलीला जातात. एकट्याला पहाटे डुलकी लागते. शेजारच्या वावरातून कोणी हाक देत राहिलं तर डोळा लागत नाही. आपल्या शरीराची राखण करणाऱ्या पेशींनाही असेच जागे ठेवणारे शेजारी लागतात, आणि ते म्हणजे आतड्यातले जिवाणू. त्यांच्या इशाऱ्यांवर आतड्याच्या अस्तरातल्या या राखणदार पेशी इंटरल्युकिन-१७ आणि इंटरल्युकिन-२२ नावाचे निरोप्ये तयार करतात. त्यांच्यामुळे अस्तर बुरशीला मारक प्रथिनं सोडतं आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. काही मुलांमध्ये जन्मतःच हे १७ नंबरचं काम बिघडलेलं असतं. त्यांच्या तोंडात, नखांत कॅन्डिडा वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो. एवढं त्या एका निरोप्यावर अवलंबून आहे.

इटलीतल्या पेरुजा विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांमध्ये ही हाक नेमकी कशी जाते ते दाखवलं. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू अन्नातल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या प्रथिनांच्या घटकापासून एक पदार्थ बनवतात. तो पेशींना मिळाला की इंटरल्युकिन-२२ तयार होतं आणि कॅन्डिडाला पाय पसरता येत नाहीत. पुढे २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहिलं की आधी अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांना रक्तातून कॅन्डिडा झाला तर ते जास्त आजारी पडतात, कारण आतड्यात इंटरल्युकिन-१७ कमी पडतं आणि तिथले जिवाणूही बाहेर निसटतात. उंदरांत जे दिसलं ते माणसांत तसंच्या तसं घडतं असं समजू नका, पण दिशा कळते.

आणि सगळेच जिवाणू आपल्या बाजूचे, असंही नाही. तोंडातले काही स्ट्रेप्टोकॉकस कॅन्डिडाला चिकटून दोघांचा मिळून थर बांधतात. असा थर कवळीवरही बसतो, म्हणून कवळी असेल तर रात्री काढून घासून ठेवणं फार महत्त्वाचं.

हे मला घरचंच वाटतं. एका पावसाळ्यात माझ्या बाबांनी साध्या सर्दीसाठी तीनदा मेडिकलमधून आपल्या मनाने ‘पॉवरच्या गोळ्या’, म्हणजे अँटिबायोटिक, आणून खाल्ल्या. मग भाकरी बाजूला सारून म्हणाले, “जीभ जयते वं बाई, तोंडात काही टाकूच नाई वाटत.” त्यांच्या जिभेचा नमुना मीच पाहिला. जंतू ओळखायच्या ‘ग्राम’ पद्धतीने काचपट्टी रंगवली, तर बुरशीचे गडद जांभळे, कळ्या फुटलेले गोल, आजूबाजूच्या जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठे. लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीच्या घरात हे झालं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या सर्दीला एकाही गोळीची गरज नव्हती.

तुमच्या आईचं तसं नाही. न्यूमोनियाला अँटिबायोटिक हवंच होतं आणि त्यानेच त्या वाचल्या. कोर्स चालू असेल तर या थराच्या भीतीने मधेच सोडू नका, डॉक्टरांना विचारा. तोंडात लावायला क्लोट्रिमॅझोल दिलं असेल तर सांगितलेले सगळे दिवस लावा, थर गेला तरी. दम्याचा स्टेरॉइड पंप असेल तर प्रत्येक वेळी नंतर चूळ भरायला लावा. शुगर तपासून घ्या, कारण वाढलेली साखर या बुरशीला फार मानवते. दही खाऊ द्या, जिभेला गार वाटतं, पण त्याला औषध समजून थांबू नका. थर पुन्हापुन्हा आला तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही सांगतील, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि घास गिळताना छातीत दुखतंय असं त्या म्हणाल्या तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असू शकते. तिथे लावायचं औषध पोचत नाही, पोटातून गोळी लागते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.