एकाच गावातील काहींनाच हिवताप जीवघेणा का ठरतो? यामागे आनुवंशिकता असते का?

होय, असते, मात्र डास किती चावतात, पूर्वी किती वेळा लागण झाली आणि उपचार किती लवकर मिळाले, यांचा वाटाही मोठा असतो.

सर्वांत भक्कम पुरावा सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशींना विळ्यासारखा आकार देऊ शकणाऱ्या जनुकाचा आहे. १९५४ साली शास्त्रज्ञ अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवून दिले की, ज्यांना हा जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळालेला असतो, त्यांना फॅल्सिपेरम या हिवतापाच्या सर्वांत घातक प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. अशा व्यक्तीच्या तांबड्या पेशीत परजीवी शिरतो खरा, पण ऑक्सिजन कमी असलेल्या ठिकाणी त्याची वाढ खुंटते आणि बाधित पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना नीट चिकटू शकत नाहीत, त्यामुळे मेंदूला ग्रासणारा गंभीर प्रकार टळण्याची शक्यता वाढते. हाच जनुक दोघांकडूनही आला, तर मात्र सिकलसेल आजार होतो आणि अशा रुग्णाला हिवताप उलट अधिक धोकादायक ठरतो. विदर्भ आणि नंदुरबार भागात हा जनुक बऱ्याच कुटुंबांत आढळतो, म्हणून हा फरक तेथे विशेष महत्त्वाचा. वाहक असलेल्याने, म्हणजे हा जनुक एकाकडूनच मिळालेल्यानेही मच्छरदाणी सोडू नये.

व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकाराचे गणित निराळे आहे. त्याचा परजीवी पेशीत शिरताना डफी नावाच्या प्रथिनाचा आधार घेतो आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर ते प्रथिनच नसते. हे कवच पूर्वी जवळजवळ अभेद्य मानले जाई, परंतु मादागास्करमध्ये डफी नसलेल्यांनाही लागण झालेली आढळली आहे.