टोमॅटो उभ्याउभ्या वाळतोय? आधी एक ग्लास पाणी घ्या

ताई, "हिरवीगार झाडं दुपारी मान टाकतात, संध्याकाळी उठून बसतात आणि चौथ्या दिवशी कायमची आडवी" हे तुमच्या पोस्टमधलं वाक्य वाचलं आणि मी बायकोला हाक मारली, "अगं, ये बघ, आपलं २०१७ साल कुणीतरी परत लिहिलंय." बेळगावच्या खानापूर रोडची तांबडी माती, नवीन घर, मागच्या परड्यात पहिल्यांदाच भाजी आणि बारापैकी पाच झाडं गेलेली. आमचं अगदी असंच. फक्त आमची साईट हिंडलग्याच्या बाजूला आणि झाडं वीस होती.

तुम्हाला आलेले सल्ले वाचले. पाणी वाढवा, एप्सम सॉल्ट घाला, आंबट ताक फवारा. पाणी मुळीच वाढवू नका. बाकीच्या दोन्हींनी फार बिघडणार नाही आणि काही सुधारणारही नाही. हल्ली झाडाला काहीही झालं की एप्सम सॉल्ट. आमच्या लहानपणी पोट बिघडलं की एरंडेल द्यायचे, तसंच की हे.

आळं कसं करायचं, काठी कधी लावायची, शेणखत किती घालायचं हे मी सांगत बसत नाही. झाडं फळावर आणलीत म्हणजे ते तुम्हाला येतंय.

आज जे झाड मान टाकतंय ते उपटा. जमिनीलगतच्या खोडाचा चार बोटं लांब तुकडा धारदार सुरीनं कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकडा दोऱ्यानं असा टांगा की खालचं कापलेलं टोक तेवढं पाण्यात बुडेल. ग्लास हलवू नका. पाच-दहा मिनिटांत त्या टोकातून दुधासारखा पांढरट धागा खाली उतरताना दिसला तर ती जिवाणूजन्य मर, म्हणजे जिवाणूमुळं झाड उभ्याउभ्या वाळायचा रोग. राल्स्टोनिया नावाचा जिवाणू मुळांच्या जखमेतून आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या चोंदवून टाकतो. माती ओली, झाड मात्र तहानेनं मरतंय. हे सगळं इतक्या झटपट होतं की पानाला पिवळं पडायला सवडच मिळत नाही. धागा आला नाही, खालची पानं आधी पिवळी पडली आणि झाडाची एकच बाजू सुकत गेली तर ती बहुतेक बुरशीची मर, तिचं प्रकरण वेगळं. मुळं धुऊन गाठी आहेत का तेही बघा. सूत्रकृमीनं, म्हणजे मातीतल्या अगदी बारीक किड्यानं, मुळांना भोकं पाडली की या जिवाणूला दार उघडंच मिळतं.

मी शेतकी शिकलेला माणूस नाही, आयुष्यभर बँकेत बसून आकडे लिहिले. तेव्हा मी सांगतोय ते एका परड्यातलं शहाणपण. शेत असेल तर जाणकाराला दाखवा.

आता जाणकाराचीच गोष्ट. झाडं जायला लागल्यावर मी एक अख्खं झाड मुळासकट ओल्या गोणपाटात गुंडाळून, पिशवीत घालून एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, माती तपासून घ्या, त्यासाठी जमिनीचा उतारा आणा. ४० बाय ६० च्या घराच्या साईटचा उतारा कुठून आणू? शेवटी मेहुण्याच्या रानाचा उतारा लावून माझ्या परड्यातली माती दिली. हे बरोबर नव्हतं, मला माहीत आहे. महिन्याभरानं अहवाल आला, तो कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचताना मात्र अक्षराला अक्षर जोडत बसावं लागतं. शेजारच्या कॉलेजातल्या पोरीनं पाच मिनिटांत वाचून दाखवला: सामू (पीएच) ५.४, म्हणजे माती आंबट, नत्र कमी, अमुक इतका युरिया आणि तमुक इतकं पोटॅश. तोंडी सल्ला मिळाला होता तो बुरशीनाशकाचा. कार्बेन्डाझिम पाण्यात मिसळून बुंध्याशी ओता. मी दोनदा ओतलं. जिवाणूवर बुरशीनाशक काय करणार? आणि वर नत्राचा मारा केल्यावर झाडं आणखी लुसलुशीत होऊन मेली.

इथल्या कुठल्याही कचेरीतली गोष्ट सांगितली की लोक लगेच भाषेवर येतात. माझा हंगाम भाषेनं नाही घालवला. तीनदा गेलो, तीनदा ती पिशवी टेबलावर ठेवली, आणि तिची गाठ कुणी सोडली नाही. सोडून खोड कापलं असतं तर ग्लासभर पाण्यात उत्तर होतं. ही ग्लासाची युक्ती मला दोन वर्षांनी कळली, उचगावच्या एका बटाटा लावणाऱ्या म्हाताऱ्याकडून. बटाट्यालाही हाच रोग लागतो. त्यांनी आडवा कापलेला बटाटा दाबून त्यातला पांढरा चिकट थेंब दाखवला आणि म्हणाले, "हे बघा, हेच तुमच्या टोमॅटोत हाय."

असो. खरी चूक माझीच आणि ती फार महागात पडली. तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय, "मेलेली झाडं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली." ताई, हे वाचून मी हे उत्तर लिहायला बसलोय. ती काढा. आजच.

मी वीसच्या वीस झाडं खड्ड्यात टाकली होती. वाया काही घालवायचं नाही हा आमच्या आईचा संस्कार. मोठ्या ढिगात नीट केलेलं कंपोस्ट चांगलं तापतं, हात घालवत नाही इतकं. आपल्या परड्यातला दोन फुटी खड्डा कोमटही होत नाही. रोग त्यात मजेत राहिला. २०१८ च्या जूनमध्ये मी ते काळंभोर, भुसभुशीत, वासाला गोड खत कौतुकानं एकेका वाफ्यात पसरलं. तोवर रोग एका कोपऱ्यात होता, मी तो घमेल्यानं सगळीकडे नेऊन ठेवला. त्या वर्षी वांगी गेली, मिरची गेली, ढब्बू मिरची गेली. जे दोन वाफे वाचले होते त्यांना २०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसानं गाठलं. तो पाऊस इथं कुणाला विसरता येणार? आमचं परडं उताराचं. वरच्या वाफ्यांतलं पाणी तीन दिवस खालच्या वाफ्यांत वाहत होतं.

तर झाड उपटताना मुळाभोवतीची मातीही घ्या, पिशवीत भरा, वाळवून जाळा नाहीतर घंटागाडीत द्या. ओढत वाफ्यावरून नेऊ नका. खुरपं आधी धुवा आणि मग दुसऱ्या वाफ्याला लावा. एकाच सरीतून सगळ्यांना पाणी सोडत असाल तर ते बंद करा, झारीनं घाला. खड्ड्यातलं खत त्या झाडांसकट तयार झालंच असेल तर नारळाला घाला, केळीच्या आळ्याला नाही बरं का. केळीलाही याच जातीच्या जिवाणूचा एक भाऊबंद त्रास देतो. कशाला विषाची परीक्षा?

यावर औषध नाही. दुकानदार देईल, पांढरी पुडी देईल, निळी पुडी देईल. माझे दोन हजार गेले, तुमचे वाचवा.

मी काय केलं ते सांगतो. ज्या मातीत रोग निघाला तिथं तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यातलं काहीच लावलं नाही. सगळी एकाच कुळातली. तण म्हणून उगवणारी कामोणी पण त्याच कुळातली, ती दिसली की उपटायची. तीन वर्षं त्या जागी दोडका, वरणा, श्रावणघेवडा, मका, लाल माठ, अंबाडी, मेथी, कांदा. रताळीही काढली, आमच्या पश्चिम भागात ती येतातच. यातल्या कशालाही माझ्याकडे मर लागली नाही. सामू ५.४ होता म्हणून शेतीचा चुना घातला, १०० चौरस फुटाला २ किलो, पाऊस सुरू व्हायच्या महिनाभर आधी. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. अहवालाचा तेवढा उपयोग झाला, खोटं कशाला बोला.

एप्रिलमध्ये वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून माती तापवा असंही सांगतात. मी एकदा केलं. पण बेळगावचा उन्हाळा तो काय, पंधरा दिवस झाले नाहीत तोच वळीव आला. चिकोडी, निपाणीकडच्यांनी जरूर करावं.

टोमॅटो मात्र सोडवेना. तो मी पोत्यांत लावला, पुढे मिरचीही. माती आणली भाताच्या खाचरातली, येळ्ळूरच्या शिवारातून. खाचरात महिनोन्‌महिने पाणी उभं असतं, त्यात हा जिवाणू फार टिकत नाही, म्हणून ती माती. जड असते, तेव्हा अर्धी माती, बाकी नारळाचा भुसा आणि विकतचं खात्रीचं गांडूळखत. पोती विटांवर ठेवली, जमिनीला टेकू दिली नाहीत. आणि जात बदलली. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची अर्का रक्षक ही टोमॅटोची जात मर, पानं आखडवणारा बोकड्या आणि लवकर येणारा करपा या तिघांना दाद देत नाही. वांग्यात त्यांचीच अर्का केशव आणि अर्का नीलकंठ मर सोसणाऱ्या. सोसणाऱ्या म्हणालो, अमर नाहीत. आठवडी बाजारातून ट्रेमधली रोपं आणली असतील तर पुढच्या वेळी बी आणून घरीच तरवा टाका, म्हणजे रोपं तयार करा. रोग रोपांबरोबरही घरात येतो, माझाही तसाच आला असावा असा संशय आहे.

आता जे झाड मरतंय त्यावरची हिरवी फळं. तुम्ही विचारलंय, खाल्लेली चालतील का. हा जिवाणू झाडाचा, माणसाचा नाही. आम्ही भरपूर खाल्ली. पावशेर हिरवे टोमॅटो चिरून चार हिरव्या मिरच्या, सात-आठ लसणाच्या पाकळ्या आणि जिऱ्याबरोबर तेलावर चांगले मऊ परता, भाजलेले शेंगदाणे नाहीतर तीळ मूठभर, कोथमीर, मीठ, किंचित गूळ. वरवंट्यानं ओबडधोबड. मिक्सरला लावायचं तर एकदाच फिरवा, गंध करू नका. ज्वारीची भाकरी पाहिजे बघा त्याच्याबरोबर, पोळीशी मजा नाही.

जास्त निघाले तर साठवणीचं. लाल टोमॅटो शिजवून, गाळून, आटवून फ्रीजरमध्ये. बाटल्यांत भरून फडताळात ठेवायचे व्हिडिओ बघून काही लोक घेवडा, मटार, मका असलं उकळत्या पाण्यात बाटल्या बुडवून ठेवायला लागलेत. ते करू नका. आंबटपणा नसलेल्या भाजीत हवाबंद बाटलीत जे विष तयार होतं ते दिसत नाही, वास येत नाही आणि उकळत्या पाण्यानं ते विष करणाऱ्या जिवाणूचं बी मरत नाही. आपल्या आज्यांनी गवार, भेंडी, दोडका उन्हात वाळवला, कोहळ्याचे सांडगे घातले, मिरच्या ताकात बुडवून वाळवल्या. वाळवण, मीठ, आंबट, एवढ्यावर घर चालतं.

तीन वर्षांनी पोत्यातल्या मिरच्या लाल झाल्या तेव्हा बायकोनं पहिल्यांदा रंजका, म्हणजे ओल्या लाल मिरच्यांचा मुरवलेला ठेचा, केला. आमच्याकडचं प्रमाण: पिकलेल्या ओल्या लाल मिरच्या १ किलो, धुऊन, पुसून, सावलीत एक दिवस सुकवून, मीठ २०० ग्रॅम, लसूण १०० ग्रॅम, दहा लिंबांचा रस, तेलात तळून कुटलेली मेथी एक चमचा, हिंग. जाडसर वाटून चिनी मातीच्या बरणीत. आठवडाभर रोज कोरड्या लाकडी चमच्यानं ढवळायचं. मीठ कमी करू नका. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रंजका कमी खा, पण बरणीतलं मीठ आहे तेवढंच ठेवा. वाढताना वर कच्चं तेल. थालीपिठाबरोबर आमच्या पोरांनी पहिली बरणी पंधरा दिवसांत संपवली.

उद्या ग्लासाचा फोटो टाका, मागे काळा कागद धरून, म्हणजे धागा नीट दिसेल. दोन-तीन झाडांचे तुकडे बघा, एकावर जाऊ नका. आणि त्यासाठी घरातला जुना ग्लास घ्या. मी चांगल्या सेटमधला घेतला होता. काही होत नाही म्हणून कितीही सांगितलं तरी तो ग्लास आमच्या स्वयंपाकघरात परत आला नाही, आता त्यात मी पुदिन्याच्या काड्या लावतो.