गुप्तधनाचे यंत्र आणि पावतीवरील तारीख

दुरूनच पुरलेले सोने दाखवणारे ‘लाँग रेंज लोकेटर’ आपण दोन मित्रांसह विकत घेतले, त्याने कधीही काही दाखवले नाही, आणि विक्रेता कधी बॅटरीचे, कधी मातीतील क्षारांचे, तर कधी आपल्या अपुऱ्या सरावाचे कारण सांगत राहिला, आता दाद मागता येईल का, असे आपण पत्रात विचारता. अशी पत्रे मला वारंवार येतात. यंत्र चालते का, या चर्चेत मी शिरत नाही. त्याची हातात धरलेली सैल अँटेना सोन्यामुळे नव्हे, तर मनगटाच्या नकळत होणाऱ्या हालचालीने फिरते. याच जातीची यंत्रे स्फोटकशोधक म्हणून विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली आहे.

आपल्या प्रकरणाचा निकाल पावतीवरील तारखेत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हावी लागते, आणि आपल्या खरेदीला २३ महिने झाले आहेत. यंत्र निरुपयोगी असल्याचे पहिल्याच महिन्यात लक्षात आले, असे आपणच लिहिता. मग एकही लेखी तक्रार न करता इतका काळ फोनवरच्या आश्वासनांवर का घालवलात? विक्रेत्याशी बोलणी चालू होती म्हणून मुदत वाढत नाही. पुरेसे कारण असल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, परंतु विश्वास ठेवला हे कारण पुरेसे ठरेलच, याची हमी मी देणार नाही.

तक्रारीत जाहिरातीतील दाव्यावर भर द्या. पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या कामगिरीची हमी देणे ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि चाचणी केली होती असा बचाव घेतल्यास ते सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावरच असतो. म्हणून जाहिरात जपून ठेवा, आणि ‘नवे सेटिंग करून देतो’ या बोलण्यावर यंत्र परत पाठवू नका, कारण आयोग ते प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो. अशा तपासणीसह तक्रार ५ महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि लुबाडलेला माणूस थकून जातो, हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

आपण तिघांनी व्यापारी हेतूने खरेदी केली, म्हणून कायद्याच्या अर्थाने आपण ‘ग्राहक’च नाही, असा आक्षेप विक्रेता घेईल. तो टिकेल की नाही, हे कागदपत्रे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ‘सापडेल ते तुमचे’ हे त्याचे वाक्यही दिशाभूल करणारे आहे, कारण १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मूल्याचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. फसवणुकीची पोलीस तक्रारही अवश्य करा, मात्र तिच्या निकालाची वाट पाहत आयोगाची मुदत घालवू नका.

पावती, जाहिरात आणि पैसे दिल्याचा पुरावा घेऊन याच आठवड्यात वकिलांना भेटा.