डोळे चमकले म्हणून चाप ओढायचा नाही

ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सच्या मेंढ्यांच्या पट्ट्यात मी सतरा वर्षं राहतो आणि शेतकऱ्यांनी बोलावलं की रात्री दिवा आणि रायफल घेऊन कोल्ह्यांच्या मागावर जातो. इथला कोल्हा म्हणजे युरोपातला तांबडा कोल्हा, आपल्या खोकडाचा मोठा भाऊबंद. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं देतो.

शेतमालक मित्राने रात्री मदतीला बोलावलंय. माझ्याकडे लायसन्स आहे, पण हे काम कधी केलेलं नाही. दिव्यात डोळे चमकले की तो कोल्हाच, हे कसं ओळखायचं? (वॅगा वॅगा)

नुसत्या डोळ्यांवरून ओळखायचं नाही. कोल्हा, कुत्रा, मांजर, मेंढी, गाय या सगळ्यांच्या डोळ्यांच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे झोत पडला की सगळ्यांचेच डोळे पेटतात. पहिल्या रात्री तर गवतातल्या कोळ्यांचे डोळेही चमकताना दिसतील आणि तुम्ही दचकाल.

अनुभवाने काही खुणा कळतात. मेंढीचे डोळे एकमेकांपासून लांब असतात आणि ती एकटक बघत राहते. सशाचा बहुधा एकच डोळा दिसतो. कोल्ह्याचे डोळे जवळजवळ आणि समोर असतात. तो दिव्याकडे बघतो, मान फिरवतो, पाच पावलं पळतो, पुन्हा वळून बघतो. त्यामुळे डोळे विझतात आणि पेटतात. पण कुत्राही अगदी असाच वागतो!

एकदा मी कोल्ह्याला जवळ बोलावायची शिट्टी वाजवली आणि दोन डोळे सरळ आमच्या दिशेने येऊ लागले. शंभर मीटर, ऐंशी, साठ. दुर्बिणीत मला फक्त डोळे आणि काळसर धड दिसत होतं. मित्राने झोत जरा खाली घेतला आणि गळ्याशी काहीतरी लकाकलं. पट्ट्याचं बक्कल होतं. शेजारच्या शेतावरची केल्पी, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या जातीची कुत्री, मेंढ्यांतून सुटून आली होती. माझं बोट चापावर नव्हतं, म्हणून ती वाचली. त्या रात्रीपासून माझा नियम असा: कान, तोंडाचा निमुळता आकार, धड आणि झुबकेदार शेपूट यांतलं पुरेसं दिसून खात्री पटल्याशिवाय बोट चापावर जात नाही. कोल्हा निघून गेला तर जाऊ द्या, तो उद्याही येईल.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. कोल्ह्यामागे काय आहे? .223 या मापाच्या रायफलची गोळी चुकली तर जवळपास तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि रात्री तुम्हाला झोताच्या पलीकडचं घर, गाडी, गोठा काही दिसत नाही. म्हणून दिवसाउजेडी एकदा सगळं रान फिरून घ्या. टेकाडाच्या माथ्यावर, आभाळाच्या रेषेवर उभ्या असलेल्या कोल्ह्यावर कधीच गोळी झाडायची नाही. मागे मातीचा चढ हवा. गाडी चालू असताना नळीत गोळी नको. दिवा धरणारा आणि नेम धरणारा यांनी एकमेकांशी बोलत राहायचं, आणि दोघांपैकी कुणीही ‘थांब’ म्हटलं की तिथेच थांबायचं.

विणीच्या हंगामात आमची अकरा कोकरं मेली. अंगावर दातांचे व्रण आहेत. कोल्ह्यानेच मारली ना? (पश्चिम व्हिक्टोरिया)

कदाचित. पण दिवा काढण्याआधी एक मेलेलं कोकरू हातमोजे घालून नीट तपासा. मी प्रत्येक शेतावर हे आधी करायला लावतो, आणि शेतकरी कधीकधी नाराज होतात.

आधी खूर बघा. नवजात कोकराच्या खुराच्या टोकाशी मऊ, पिवळसर आवरण असतं आणि ते चालू लागलं की झिजतं. आवरण तसंच असेल तर ते पिल्लू उठलंच नव्हतं. मग व्रणांभोवतीची कातडी सोला. खाली काळंनिळं रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसला. कातडीखालचं मांस फिकट आणि स्वच्छ असेल तर कोल्ह्याने मेलेलं कोकरू खाल्लंय. पोट उघडून दूध आहे का तेही बघा. पोट रिकामं आणि रक्त साकळलेलं नाही, तर ते भुकेने किंवा गारठ्याने गेलं असण्याची शक्यता जास्त.

थंड वारा, पाऊस, पहिलटकरीण मेंढी, जुळी कोकरं, आईने टाकलेलं पिल्लू, अशा कारणांनी पुष्कळ कोकरं जातात. तुमची अकरापैकी आठ तशी गेली असतील, तर कोल्हे मारून ती आठ वाचणार नाहीत. त्यांना आडोसा आणि आईला चारा हवा.

लाल काच, शिट्टी, थर्मल दुर्बीण, यांतलं काय घेऊ? (मेलबर्न)

दिव्यावर लावायला लाल काच घ्या. पांढऱ्या झोताला सरावलेला कोल्हा दिवा दिसताच पसार होतो, लाल उजेडाने तो त्यामानाने कमी बुजतो. इथे दोन चकत्यांची पत्र्याची साधी शिट्टी मिळते. तिच्यातून संकटातल्या सशासारखा आवाज निघतो. वारा तोंडावर घेऊन बसा, कारण कोल्हा वळसा घालून वाऱ्याखालून वास घ्यायला येतोच. थर्मल दुर्बिणीत उष्ण आकार दिसतो, कातडीचा रंग दिसत नाही. शोधायला ती उत्तम, पण ओळख पटवायला एकट्या तिच्यावर विसंबू नका.

दरवर्षी मारतो, तरी पुढच्या वर्षी तितकेच. का? (डब्बो)

कारण तुम्ही एकट्याच्या शेतावर मारता. शिकारीच्या हौसेसाठी आणलेले कोल्हे 1870 च्या दशकात मेलबर्नच्या आसपास रुजले, आणि शंभर वर्षांत उष्ण कटिबंधातला उत्तर भाग सोडून जवळपास सगळ्या मुख्य भूमीवर पसरले. मादी वर्षातून एकदाच विते, साधारण चार पिल्लं देते, ती ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास जन्मतात. उन्हाळा संपता संपता तरुण कोल्हे नवी जागा शोधत निघतात आणि तुम्ही रिकामी केलेली जागा भरून काढतात.

म्हणून मेंढ्यांच्या विणीच्या आधीचे काही आठवडे गाठा, शेजाऱ्यांना सोबत घ्या आणि सगळ्यांनी एकाच काळात काम करा. मोठ्या क्षेत्रात 1080 या विषाची आमिषं जास्त परिणामकारक ठरतात. त्याला प्रशिक्षण लागतं, शेजाऱ्यांना कळवावं लागतं, आणि कुत्र्यांना आवर घालावा लागतो, कारण त्यावर उतारा नाही. दिव्याची शिकार म्हणजे उरलेले, आमिष न खाणारे कोल्हे टिपण्याचं काम. कोल्ह्यांच्या विण्याच्या काळात दूध पाजणारी मादी मारली तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात. तेव्हा मी जात नाही.

ब्रिटनमध्ये कोल्ह्यांच्या शिकारीवर बंदी आहे ना? मग इथले शेतकरी दिवा घेऊन जातात ते कसं? (लीड्स)

2004 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या टोळीने कोल्हा धरण्यावर बंदी आली. रायफलने मारणं त्यात येत नाही. रायफलचा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी मात्र हवीच.

गावाकडे कोल्हे कोंबड्या नेतात. भाऊ विचारतोय, तुझ्यासारखं बॅटरी घेऊन गेलं तर? (सातारा)

नाही, अजिबात नाही. भावाला स्पष्ट सांगा. आपला कोल्हा आणि खोकड दोन्ही आपल्या मातीतले प्राणी आहेत आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार गुन्हा आहे. इथे कोल्हा परका आहे, त्याने इथल्या कित्येक लहान प्राण्यांना मरणाच्या दारात नेलं, म्हणून मी रायफल उचलतो. तिकडे आपला कोल्हा शेतातले उंदीर-घुशी खातो. खुराड्याला बारीक भोकांची, जाड तारेची जाळी लावा, ती जमिनीत फूटभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवा, आणि दिवस मावळायच्या आत कोंबड्या आत घ्या. खुराड्याच्या दाराला खिट्टी बसवलीय ना, ते भावाला आजच बघायला सांगा.